दोन पंचमांश सेकंद

शहरात घड्याळं दुरुस्त करणारे चौघे होते. पण खिशात ठेवायचं जुनं घड्याळ आलं, मागचं झाकण उघडलं आणि आत नेहमीच्या चाकांवर चाकांचा आणखी एक मजला दिसला, की त्यांतले तिघे झाकण मिटून हात झटकायचे. "कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे जा," म्हणायचे. "असल्या भानगडी तोच निस्तरतो."

कोपऱ्यावरच्या घड्याळजीला याचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. एरवी माणूस नाकासमोर चालणारा. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. उत्तरेकडे खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलाच्या कडेला अडकवून गुडघ्यांवर पसरलेलं पांढरं फडकं. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागल्या तरी पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्याने एखादा स्क्रू उडाला तर तो शोधण्यात अख्खा दिवस जायचा. बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा तुम्हाला त्या स्क्रूंचीच काळजी जास्त." तो भिंगातून डोळा न काढता म्हणायचा, "तू हरवलीस तर हाक मारता येते. तो ओ देत नाही."

ही विद्या त्याला मिळाली ती बहिणीमुळे. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकाच वर्षात आई आणि वडील दोघंही गेले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हा दहा. ती पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात लागली. झाकणं कापायच्या प्रेसवर उभी राहिली ती कायमचीच. पुढे हा मोठा झाला आणि एका म्हाताऱ्या उस्तादाकडे घड्याळाचं काम शिकायला जातो म्हणाला. उस्तादाची अट होती, सहा वर्षं दुसरीकडे कुठेही काम करायचं नाही. ताई म्हणाली, "शीक. घर मी बघते." त्या सहा वर्षांत तिला दोन स्थळं सांगून आली. दोन्ही तिने दारातूनच परत पाठवली. याने विचारलं तर म्हणाली, "मला पसंत नव्हती." खरं काय ते त्याला कळत होतं, पण पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

उस्ताद कमी बोलायचा, पण स्विस घड्याळ हातात आलं की त्याची जीभ सैल व्हायची. विशेषतः क्रोनोग्राफ. वेळ दाखवणाऱ्या दोन काट्यांखेरीज त्यात मधोमध एक लांब बारीक काटा असतो. बटण दाबलं की तो धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की बारावर परततो. सेकंदाचेही पाच भाग मोजतो. "तबकडीवर ज्याचं नाव आहे ना," उस्ताद म्हणायचा, "त्याने हे कधी घडवलेलं नसतं. घडवलं कोणी? डोंगरातल्या शेतकऱ्यांनी. चार-पाच महिने बर्फ, शेत झाकलेलं, खाली गोठ्यात गुरं आणि वर खिडकीशी ओळीने बसलेलं घर. एका घरात नुसते स्क्रू. आजा स्क्रू, बाप स्क्रू, नातू स्क्रू. पलीकडच्या घरात नुसत्या स्प्रिंगा घासायच्या. तबकडीवरचे आकडे बायका काढायच्या, चार केसांच्या कुंचल्याने. चाळिशीला डोळे जायचे. नाव कोणाचंच नाही. म्हणून ते काय करायचे, तबकडीच्या खाली, जिथे कोणी बघणार नाही तिथे, सुईने आपली खूण कोरून ठेवायचे."

अशा खुणा त्याने पुढे कितीतरी पाहिल्या. दोन अक्षरं, एखादी चांदणी, एखादं साल. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तर दुरुस्ती करणाऱ्यांच्याही खुणा असायच्या. त्यांच्याखाली तो आपली खूण कोरायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या, तोंड न पाहिलेल्या माणसांच्या पंगतीला बसल्यासारखं त्याला वाटायचं. उस्तादाने शिकवलेल्या गोष्टींतली एक त्याने अगदी गाठीला बांधली होती. घड्याळ आपल्या हातून जाताना बरोबरच गेलं पाहिजे. मालक चोर असो की साव, ते घड्याळाला माहीत नसतं.

*

तो सत्तेचाळीस वर्षांचा असताना डब्यांच्या कारखान्यातले वेळसाहेब त्याच्याकडे आले.

वेळसाहेब हे कामगारांनी ठेवलेलं नाव. कुठल्या कामाला किती वेळ लागावा हे ठरवणं ही त्यांची नोकरी. अंगाने किडकिडीत, डोक्यावर टोपी, सतत कोरडा खोकला, शर्टाच्या खिशात तीन टोकदार पेन्सिली. प्रेसवर काम करणाऱ्या बाईच्या मागे दोन पावलांवर उभे राहायचे आणि खिशातून घड्याळ काढायचे. प्रत्येक झाकणाला बटण दाबून काटा सोडायचा, थांबवायचा, आकडा वहीत टिपायचा. अशी पन्नास टिपणं घेतली की सरासरी काढायची आणि त्यावरून सगळ्या बायकांना झाकणांचा आकडा ठरवून द्यायचा. बायका त्या घड्याळाला 'सासरेबुवा' म्हणत. ते बाहेर निघालं की सगळ्यांच्या माना खाली.

वेळसाहेबांनी ते काउंटरवर ठेवलं. चांदीची केस, पांढरीशुभ्र तबकडी, एकही तडा नाही. "वडिलांचं आहे," ते म्हणाले. "शर्यतींवर पंच होते ते. वेळ अगदी बरोबर दाखवतं, तक्रार नाही. पण बटण दाबलं की हा लांब काटा सुरुवातीलाच उडी मारतो असा मला संशय आहे. पुष्कळ वर्षं मारत असावा. माझंच लक्ष उशिरा गेलं."

घड्याळजीने भिंग लावलं, बटण दाबलं. काटा सुटताना टुणकन पुढे गेला आणि मग धावायला लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"दोन पंचमांश," घड्याळजी म्हणाला. "जवळजवळ अर्धा सेकंदच म्हणा."

"होईल?"

"गुरुवारी या."

दोष काय ते त्याला झाकण उघडण्याआधीच कळलं होतं. बटण दाबलं की एक सतत फिरणारं छोटं चाक सरकून मधल्या चाकाला भिडतं. ते जरा जास्त आत घुसलं तर दात दाताला ढकलतो आणि काट्याला धक्का बसतो. त्यासाठी एक स्क्रू असतो, मुद्दाम तिरकस डोक्याचा. तो केसभर फिरवला की चाक मागे येतं. केसभर म्हणजे खरोखरच केसभर. बाकीच्या तिघांना जे जमत नव्हतं ते हेच.

त्याने तबकडी उतरवली. खाली सुईने कोरलेली दोन अक्षरं होती आणि पाच पाकळ्यांचं फूल. एवढं नाजूक फूल त्याने आजवर कुठल्याच घड्याळात पाहिलं नव्हतं. बराच वेळ तो नुसता बघत बसला.

बुधवारी दुपारी ताई दुकानात आली. ती दुकानात सहसा येत नसे. तिची शिफ्ट सकाळची होती, कारखान्यातून थेट आली होती. एप्रनला तेलाचे डाग. स्टूल ओढून बसली आणि टेबलावर नजर टाकली.

"सासरेबुवा इथे आलेत होय."

"तुला कसं कळलं?"

"वेळसाहेब दोन दिवस हात हलवत फिरतायत. काय झालंय त्याला?"

"काटा उडी मारतो."

"पुढे की मागे?"

"पुढे."

 ताईची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण हिशेबाला पक्की. तिच्या डोळ्यांवरून त्याला कळलं की ती मनात आकडे मांडते आहे.

"म्हणजे आम्ही एक झाकण सहा सेकंदांत काढलं तर हे साडेसहा सांगतं."

"साडेसहा नाही. सहा आणि दोन पंचमांश."

"तेच ते. म्हणून आम्हाला शिफ्टला साडेचार हजार झाकणं आहेत." तिने काट्याकडे बोट केलं. "आणि हे बरोबर झालं तर?"

 उत्तर तिनेच दिलं. "चार हजार आठशे."

"ताई, त्यांनी मला दोष सांगून घड्याळ दिलंय."

"मी कुठे म्हणते बिघडव म्हणून? आहे तसं राहू दे. सांग, जुनं झालंय, होत नाही."

"होत नाही असं कसं सांगू? ते दुसऱ्या कुणाकडे नेतील, तो म्हणेल—"

"दुसऱ्या कुणाला येत नाही. तूच सांगतोस ना सगळीकडे."

 तिने आवाज चढवला नव्हता. उलट हळू, समजुतीच्या सुरात बोलत होती, लहानपणी शाळेत जायला तयार करताना बोलायची तशी. "अरे, त्या अर्ध्या सेकंदात आम्ही श्वास घेतो. मान वर करतो. शेजारणीकडे बघून हसतो. तेवढंच. नाहीतर मग सकाळपासून दुपारपर्यंत पत्रा सरकव, जाळी ओढ, पाय दाब, पुन्हा पत्रा, जाळी, पाय."

"माझ्या हातून घड्याळ चुकीचं जाणार नाही, ताई," तो म्हणाला. "तू दुसरं काहीही माग."

बोलला आणि त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. तिने आयुष्यात त्याच्याकडे दुसरं काही मागितलेलंच नव्हतं. ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं. "बरं," म्हणाली. "शनिवारी जेवायला येते. वहिनीला सांग, फार काही करू नको."

गुरुवारी वेळसाहेब आले. त्यांनी दहा वेळा बटण दाबून पाहिलं. काटा लोण्यातून सुरी जावी तसा सुटत होता. त्यांचा चेहरा उजळला. "वडील असते तर तुमचे हात हातात घेतले असते त्यांनी," ते म्हणाले. घड्याळजीला त्या क्षणी बरं वाटलं. हे त्याने पुढे बायकोजवळ कबूल केलं. फार बरं वाटलं, म्हणाला.

*

पुढच्याच महिन्यात नवी मोजणी झाली आणि आकडा चार हजार आठशेवर गेला.

प्रेसला समोर तारेची जाळी असते. पत्रा सरकवायचा, जाळी खाली ओढायची, मग पाय दाबायचा. जाळी खाली असली तर हात आत राहूच शकत नाही. पण ती ओढायला वेळ लागतो. किती, ते प्रेसवरच्या बायकांना कोणी घड्याळ लावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या आठवड्यात आकडा कुणाचाच पुरा झाला नाही. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातल्या एकीने जाळी वरच तारेने बांधून टाकली. महिन्याभरात रांगेतल्या अकराही जाळ्या वर बांधलेल्या होत्या. मुकादम रोज समोरून जात होता. त्याला त्या दिसत नव्हत्या, कारण आकडा दिसत होता.

सात आठवड्यांनी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, ताईच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

घड्याळजीला बोलवायला कारखान्याचा शिपाई आला. हॉस्पिटलमध्ये पोहोचला तेव्हा ताई शुद्धीत होती. हाताचा पांढरा गोळा करून छातीवर ठेवलेला. तिने त्याला बघितलं आणि म्हणाली, "घाबरू नको. दुखत नाहीये. सुई दिलीय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझी पिशवी कपाटात राहिलीय, तेवढी आण." त्याने पिशवी आणली. तिच्या उशाशी बसून राहिला.  तिने घड्याळाचं नाव काढलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कित्येक महिने नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

दीड महिन्याने चौकशी बसली. कारखान्याचं म्हणणं सरळ होतं. जाळी कामगाराने स्वतः बांधून ठेवली होती, तेव्हा दोष तिचा. युनियनचं म्हणणं, नेमलेला आकडा माणसाला झेपणारा नव्हता, म्हणून जाळी बांधावी लागली. त्यावर कारखान्याने वह्या पुढे केल्या. मोजणी रीतसर, घड्याळ स्विस, नुकतंच तपासून घेतलेलं. आणि ज्याने तपासलं त्यालाच साक्षीला बोलावलं.

खोली लांबट, भिंतींना हिरवा रंग, टेबलावर पाण्याचा एकच ग्लास. चौकशी अधिकारी मध्यमवयीन, कंटाळलेला. समोरच्या खुर्चीत ताई, हाताला अजून पट्टी. वेळसाहेब खिडकीपाशी, खोकला दाबत. घड्याळ टेबलावर ठेवलेलं.

"हे घड्याळ तुम्ही दुरुस्त केलंत?"

"हो."

"आता ते बरोबर चालतं?"

"चालतं."

"काही शंका?"

"शंका नाही. पण आधी त्यात—"

"आधीचं विचारलेलं नाही. अपघाताच्या दिवशी बरोबर होतं का, एवढंच सांगा."

त्याने ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. त्याला सांगायचं होतं, की इतकी वर्षं हे घड्याळ चुकत होतं आणि इतकी वर्षं सगळ्यांची बोटं जागेवर होती. ते बरोबर झालं आणि काय झालं ते समोर बसलंय. पण एवढं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. अधिकाऱ्याने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं.

"बरोबर होतं," तो म्हणाला.

निकाल कारखान्याच्या बाजूने गेला. बाहेर पडल्यावर दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेली. 

"तू खोटं नाही बोललास," ताई शेवटी म्हणाली. "मला माहीत होतं, नाही बोलणार."

*

ताई त्यांच्याकडे राहायला आली. स्वतःची खोली तिने सोडली, भांडी शेजारणीला देऊन टाकली. घड्याळजीच्या बायकोने आतली खोली तिला दिली आणि तोंडातून ब्र काढला नाही. दोघींचं आधीपासून बरं होतं. पण घरात आता एक सावधपणा शिरला. बरणीचं झाकण कोणी घट्ट लावायचं नाही. बटणांचे कपडे दोरीवर मागच्या बाजूला. ताई डाव्या हाताने भाजी चिरायला शिकली, कुलूप उघडायला शिकली, वेणी मात्र जमेना. मग एक दिवस वहिनीकडून केस कानापर्यंत कापून घेतले. आरशात बघून म्हणाली, "मुकादम दिसतेय." तिघंही हसली आणि मग वहिनी खाली पडलेले केस गोळा करायला वाकली.

वर्षभराने वेळसाहेब पुन्हा दुकानात आले. तेलपाण्यासाठी घड्याळ आणलं होतं. घड्याळजीला वाटलं होतं, हा माणूस समोर आला तर आपला तोल जाईल. तसं काही झालं नाही. वेळसाहेब आणखी वाळले होते.

"ताईंची तब्येत कशी आहे?"

"आहे."

वेळसाहेब जायला वळले आणि थांबले. "तुम्हाला एक सांगायचं होतं. मोजणी मी त्यांच्यावर घेतली होती. पन्नासच्या पन्नास. सगळ्यांत सफाईदार हात त्यांचा होता. म्हटलं, मोजायचं तर उत्तम कामावर मोजावं." त्यांनी रुमाल तोंडाला लावला. "मी फक्त आकडा लिहिला हो. आकडा बरोबर होता."

घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिला. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं त्याला झालं.

"गुरुवारी या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला होता. त्याने घड्याळ पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं, जोडलं. काटा सरळ सुटत होता. मग त्याने सगळ्यांत बारीक पेचकस घेतला, तिरकस डोक्याच्या स्क्रूवर टेकवला आणि केसभर फिरवला.  बटण दाबलं. काटा टुणकन पुढे उडाला. पुन्हा दाबलं. पुन्हा. वीस वेळा दाबून त्याने खात्री केली, कारण काम करायचं ते नीट करायची सवय होती. झाकणाच्या आत खूण मात्र कोरली नाही.

जेवताना त्याने ताईला सांगितलं. बायकोही ऐकत होती.

ताईने घास खाली ठेवला. "आता? आता कुणासाठी?"

"उरलेल्या दहाजणींसाठी."

तिने पाण्याचा घोट घेतला. मग विचारलं, "उडी किती?"

"दोन पंचमांश. होती तेवढीच."

"थोडी जास्त ठेवायचीस," ताई म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडते आहे की काय ते त्याला कळलं नाही.

काही महिन्यांनी फेरमोजणी झाली आणि आकडा साडेचार हजारांवर आला. वेळसाहेबांनी कारण लिहिलं, पत्रा जाड आल्यामुळे. एकेक करून बायकांनी जाळ्या सोडवल्या. आकडा का कमी झाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक-दोघींना वाटलं, युनियनने केलं. ताई बाजारात भेटलेल्या जुन्या मैत्रिणींकडून सगळं ऐकून यायची आणि घरी येऊन जसंच्या तसं सांगायची. सांगताना तिचा चेहरा जरा हलका असायचा. घड्याळजीला तेवढ्यावर चार दिवस बरे जायचे.

हे चौदा महिने चाललं.

*

मग मुख्य ऑफिसातून एक तरुण इंजिनिअर आला. त्याच्याजवळ विजेवर चालणारं मोजयंत्र होतं. त्याने तीन दिवस मोजलं, वेळसाहेबांच्या वह्या मागवल्या, दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, प्रत्येक टिपणात तेवढाच फरक कसा? एखाद्या टिपणात चूक झाली असती तर गोष्ट वेगळी. पन्नासच्या पन्नास टिपणं एकाच बाजूला, एकाच मापाने चुकलेली. घड्याळ तर तपासून घेतलेलं, म्हणजे माणसाने मुद्दाम केलं. वेळसाहेबांना खोटी मोजणी केल्याबद्दल काढून टाकलं. कागदावर तसं लिहून दिलं, म्हणजे दुसरीकडेही दार बंद. आकडा चार हजार आठशेवरही थांबला नाही, थेट पाच हजारांवर गेला.

वेळसाहेब दुकानात आले ते भर दुपारी, टोपीशिवाय. घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि बटण दाबलं. काटा उडाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

घड्याळजी उभा राहिला. "हो. मीच केलं."

त्याला वाटलं, हा माणूस आता अंगावर धावून येईल. पण वेळसाहेब गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं. चार-पाच महिन्यांपूर्वी काट्याकडे लक्ष गेलं होतं माझं. मग मी बघायचं सोडलं." एवढं बोलून ते उठले. घड्याळ तिथेच राहिलं. घड्याळजीने हाक मारली, तर हात हलवून म्हणाले, "राहू दे. मला काय मोजायचंय आता?"

घरी आल्यावर घड्याळजीने सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "आता गप्प बसा. झालं ते झालं. त्यांनी कुठे आपला विचार केला होता?" तिचं चुकलं होतं असं नाही. घरात तीन माणसं आणि कमावता एकटाच.

ताई म्हणाली, "त्यांच्या घरी कोण कोण आहे?"

"बायको आहे. म्हातारी सासू आहे म्हणे."

"मग कागद काढ."

त्याने पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं, कारण पहिल्या दोन्हींत तो स्वतःची बाजू मांडायला लागायचा आणि ताई ऐकताना म्हणायची, "हे कशाला?" शेवटी चार ओळी उरल्या. अमुक तारखेला हे घड्याळ माझ्याकडे आलं, मी ते जाणूनबुजून बिघडवलं, साहेबांनी मला तसं सांगितलं नव्हतं, सोबत घड्याळ पाठवत आहे, कोणालाही दाखवून खात्री करावी. खाली सही आणि दुकानाचा पत्ता.

मुख्य ऑफिसने आधी वकिलाची नोटीस पाठवली. पुढे ते प्रकरण थंड झालं, बहुधा अकरा जाळ्यांची गोष्ट कोर्टात निघायला नको होती. वेळसाहेबांना परत घेतलं नाही. पण कागदावरचा तो शेरा काढला, एवढं त्यांच्या बायकोकडून ताईला कळलं. ते दुसऱ्या शहरात एका गोदामात कारकून म्हणून लागले. घड्याळ कुठे गेलं ते कोणालाच कळलं नाही. ना ते त्यांना परत मिळालं, ना घड्याळजीला.

पत्राची बातमी मात्र शहरभर झाली. बाकीच्या तिघा घड्याळवाल्यांनी ती पसरवली असं म्हणवत नाही, पण दाबलीही नाही. घड्याळ मुद्दाम बिघडवणारा घड्याळजी. जुनी गिऱ्हाइकं समोरच्या फुटपाथवरून जायला लागली. एक म्हातारे डॉक्टर, वीस वर्षांचे गिऱ्हाईक, दुरुस्तीला दिलेलं घड्याळ न उघडताच परत घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." याने मान डोलावली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सांगितलं तर ताईचा हात काउंटरवर मांडल्यासारखं झालं असतं.

एक मात्र झालं. एका रविवारी सकाळी प्रेसवरच्या चौघीजणी घरी आल्या. ताईच्या जागी आता काम करणारीही त्यांत होती. बसल्या, पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. घड्याळजी आतल्या खोलीत दडून बसला होता. त्याला बाहेर बोलावलं. शेवटी त्यांतली वयाने मोठी होती ती म्हणाली, "चौदा महिने बरे गेले हो, दादा." आणि चपला घालायला उठली.

दीड वर्षाने त्याने दुकान बंद केलं. विजेचे मीटर तपासायच्या शेडमध्ये त्याला काम मिळालं. दिवसाला साठ मीटर, सगळे एकसारखे. भिंग लागत नाही आणि पंखा चालतो.

दुकानावरची पाटी उतरवायला तो एका रविवारी गेला. ताई बरोबर आली, नको म्हणत असतानाही. शिडी जुनी होती, डुगडुगत होती. तो वर चढला आणि ताई खाली डाव्या हाताने शिडी धरून, उजवं कोपर दांड्याला रेटून उभी राहिली. स्क्रू गंजले होते. एक निघेचना.

"जोर लाव," ताई खालून म्हणाली. "मी धरलंय."

"तुटेल."

"तुटू दे. आता कुणाला लावायचाय?"

त्याने जोर लावला. स्क्रूचं डोकं मोडलं आणि पाटी एका बाजूला लोंबली. ती खांद्यावर घेऊन तो सावकाश खाली उतरला. दोघांनी मिळून ती भिंतीशी टेकवून ठेवली आणि घाम पुसत दोघंही तिथेच पायरीवर बसली.